सिकोर्स्की एस-३८ चं लाकडी किट: कापणी चोख, सूचनापत्रक उलटं

रविवार पेठेत लेझरनं कापलेल्या लाकडी विमानांचे ढीग असतात, पण पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं प्रवासी विमान त्यात क्वचितच. हे किट १:७२ मापाचं. खऱ्या एस-३८ चा वरचा पंख २१.८४ मीटर, इथे ३०.३ सेंटीमीटर. पट्टी लावून बघा, बरोबर भरतो.

विमानरचनाकार इगोर सिकोर्स्की यांनी एस-३४ आणि एस-३६ नंतर १९२८ मध्ये हे विमान उडवलं. एकूण १०१ बनली. पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीनं ती प्रवासी आणि टपाल नेण्यासाठी वापरली. होडीसारखं पोट, डोक्यावर पंख, मध्ये टांगलेली दोन इंजिनं, दोन बूमवर, म्हणजे मागे जाणाऱ्या लांब दांड्यांवर, शेपूट. सुटे भाग घोळक्यानं उडतायत अशी त्याची थट्टा व्हायची. इंजिनं मात्र उगाच वर नाहीत, पाण्याचे फवारे पंख्यांपर्यंत पोचू नयेत म्हणून आहेत.

हीच रचना जोडताना छळते. सूचनापत्रक आधी वरचा पंख चिकटवायला सांगतं. तसं केलंत तर स्ट्रटच्या, म्हणजे आधाराच्या काड्यांच्या, जाळीत बोट शिरत नाही आणि इंजिन तिरकं बसतं. आधी पोट आणि खालचा छोटा पंख, त्यावर स्ट्रटसकट इंजिनं, मग वरचा पंख, शेवटी बूम आणि शेपूट. ग्राफ पेपरवर मधली रेघ आखून दोन्ही बूम तिला समांतर टाचण्यांनी धरा आणि रात्रभर हात लावू नका. एका मिलिमीटरचा फरकही शेपटीत लगेच दिसतो. स्ट्रट खाचेत जात नसेल तर तो घासू नका, खाचेतला रंग खरवडा.

खिडक्यांना इन्स्टंट ग्लू नको. जुलैच्या रिपरिपीत तर नकोच, त्याची वाफ प्लास्टिकवर पांढुरकी बसते. थेंबभर फेविकॉल पुरतो. पंखांना सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप, दोन्ही बाजूंनी मारा. एकाच बाजूनं मारलात की बाल्सा, म्हणजे किटचं हलकं लाकूड, वाकलाच.

नाकात वजन भरायची गरज नाही, विमान मुळातच शेपटीवर टेकतं. चाकं पक्की दिलीत, हे खटकलं. मूळ विमानात डावं-उजवं चाक स्वतंत्र वरखाली व्हायचं, पाण्यात वळताना ते कामी यायचं. टाचणीची खीळ दिली असती तरी भागलं असतं.

स्टिकर दोन तऱ्हांचे: पॅन अ‍ॅमचे, आणि मार्टिन व ओसा जॉन्सन या भटक्या, चित्रपट काढणाऱ्या अमेरिकी जोडप्याच्या आफ्रिकेतल्या विमानाचे झेब्रापट्टे. पट्टे नाकाच्या गोलाईवर सुरकुततात. तिथे तीन तुकडे करून कोमट ओल्या फडक्यानं दाबा. पहिलंच मॉडेल करणाऱ्यानं मात्र याच्या वाटेला जाऊ नये.