एअर सस्पेन्शनसाठी डिजिटल अँगल गेज : काही महिने वापरल्यानंतर

गाडी मर्सिडीजची जुनी ई-क्लास, डब्ल्यू२११, एअरमॅटिकवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी. लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बदलल्यावर पुढून एका बाजूला बसल्यासारखी दिसू लागली. पुण्यात ज्याला विचारावं तो टेप काढून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो. गाडीची उंची सेट करताना लँड रोव्हरला ते चालतं, तिथे उंचीच मागतात. मर्सिडीजला कोन लागतो: पुढे लोअर आर्मचा, मागे ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा). आणि ते मला पटतं. मडगार्ड कधी ठोकून सरळ केलेलं असेल तर टेपवर काय भरवसा ठेवणार?

वर्कशॉपमध्ये यासाठी रोमेस कंपनीचा इन्क्लिनोमीटर (कोनमापक) असतो. मी घेतला तो सुतार करवतीचं पातं सेट करायला वापरतात तसला चुंबकवाला गेज, अचूकता ±०.२ अंश. हे ढोबळ वाटेल, पण ३५ सेंटिमीटरचा आर्म एक अंश फिरला की टोक साधारण ६ मिलिमीटर हलतं. म्हणजे ०.२ अंशाला जेमतेम सव्वा मिलिमीटर. घरच्या कामाला भरपूर झालं.

खरा घोळ जमिनीचा. गेज गुरुत्वाकर्षणावर चालतो आणि सोसायटीच्या पार्किंगला पाणी जायला उतार असतोच. जमीन डाव्या-उजव्या दिशेने अर्धा अंश कलली असेल तर एका बाजूचा कोन तेवढा वाढतो, दुसरीकडचा तेवढाच घटतो. म्हणून आधी दोन्ही चाकांच्या मधे सरळ पट्टी आडवी टाकून तिच्यावर झीरो करायचं, मगच आर्मला लावायचं. मोजण्याआधी गाडी थोडी पुढेमागे ढकलून चाकं मोकळी करायची, आत कोणी बसवायचं नाही.

ड्राइव्ह शाफ्ट लोखंडी, त्यावर गेजची व्ही-खाच मस्त बसते. पुढचा आर्म ॲल्युमिनियमचा, चुंबक धरतच नाही; भोसरीतून लोखंडी पट्टी वाकवून आणली. माझी एकच तक्रार: गेज आपोआप बंद झाला की झीरो पुसला जातो आणि सगळं पहिल्यापासून.

हे काम पिटवर (गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर), चारही चाकं टेकलेली असतानाच करा. हवेवरची गाडी अचानक खाली बसते, जॅकवर उचलून खाली शिरू नका.

आता दोन्ही बाजू सारख्या आहेत, ताम्हिणी घाट उतरतानाही गाडी एकीकडे झुकत नाही. उंची बदलली की कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो, त्यामुळे कॅलिब्रेशननंतर, म्हणजे हे कोन गाडीच्या कॉम्प्युटरला देऊन उंची सेट केल्यावर, व्हील अलाइनमेंट करून घ्याच. आमच्या पुढच्या टायरांची आतली कड झिजायची, ती त्यानंतरच थांबली.