ऑनलाइन कॅसिनो: पैसे घेताना तत्पर, देताना नियमांवर बोट

संशयास्पद ऑनलाइन कॅसिनोची सेवा जोखायची तर खेळांपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. खेळ झकास चालतात, पैसे भरणे तर दोन मिनिटांत होते. कॅसिनोचा खरा कस लागतो तो पैसे काढताना. अडवणुकीची बहुतेक तयारी अटी-शर्तींच्या पानावर आधीच करून ठेवलेली असते, आणि ते पान खाते उघडण्यापूर्वीही वाचता येते.

पहिला सापळा वेलकम बोनसचा. १०० भरले (चलन कोणतेही धरा), वर १०० बोनस मिळाला, अट ३५ पट वेजरिंगची, म्हणजे पैसे काढण्याआधी तितक्या पट रकमेच्या पैजा लावण्याची. ही अट फक्त बोनसवर असेल तर ३,५०० च्या पैजा लावाव्या लागतात. ‘डिपॉझिट अधिक बोनस’वर असेल तर ७,००० च्या. स्लॉटचा (चक्रे फिरवून चिन्हे जुळवण्याच्या खेळाचा) आरटीपी, म्हणजे दीर्घकाळात खेळाडूंना परत जाणारा हिस्सा, ९६ टक्के धरला तरी ७,००० च्या पैजांमागे सरासरी २८० जातात. खात्यात आहेत २००! ब्लॅकजॅक किंवा रूलेट खेळून अट पूर्ण करू म्हणाल, तर त्यांच्या पैजा अनेकदा १० टक्केच मोजल्या जातात; ७,००० चे ७०,००० होतात. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने जानेवारी २०२६ पासून वेजरिंगला १० पटींची मर्यादा घातली आहे. तिथून पाहिले की ३५ आणि ५० पटींचा मतलब कळतो.

त्याहून वाईट कलम ‘कमाल पैज’चे. बोनस चालू असताना एका फेरीत ५ पेक्षा जास्त लावायचे नाहीत, असे लिहिलेले असते. तुम्ही ६ लावता, सॉफ्टवेअर मुकाट्याने घेते आणि जिंकल्यावर पैसे मागितले की त्या एका फेरीवर बोट ठेवून सगळी जिंकलेली रक्कम रद्द होते. ती पैज जागीच अडवणे तांत्रिकदृष्ट्या काहीच कठीण नाही. जो कॅसिनो ती अडवत नाही, त्याला ही चूक व्हायलाच हवी आहे, असे आमचे मत. ‘अनियमित खेळ’ असे मोघम कलम व्याख्येविना दिसले, तर तिथेच थांबावे.

पैसे काढण्याच्या वाटेवर तीन अडथळे हमखास भेटतात. केवायसीची कागदपत्रे डिपॉझिटच्या वेळी कोणी मागत नाही. विड्रॉलच्या वेळी मात्र फोटो अस्पष्ट, बिल जुने, सेल्फी नव्याने, असे आठवडे जातात. तोवर ‘विड्रॉल रद्द करा’ हे बटण समोर ठेवलेले असते. कंटाळून पैसे पुन्हा टेबलावर यावेत, हाच त्याचा उपयोग. ब्रिटनमध्ये परवानाधारकांना ही सोय देण्यास मनाई आहे. तिसरा अडथळा मर्यादेचा. आठवड्याला २,००० ची मर्यादा असेल तर ५०,००० हाती यायला २५ आठवडे लागतील, आणि मध्येच साइट बंद पडली तर उरलेले बुडाले. ‘प्रतिबंधित देश’ ही यादीही वाचावी. तुमचा देश त्यात असूनही डिपॉझिट स्वीकारले जाते, नियम आठवतो तो जिंकल्यावर.

परवान्याचे चिन्ह ही नुसती प्रतिमा असू शकते. त्यावर क्लिक करून उघडलेल्या पानावर विसंबू नका. नियामकाचा पत्ता स्वतः टाइप करा, नोंदवहीत साइटचे डोमेन शोधा आणि तिथले कंपनीचे नाव अटींमधल्या नावाशी ताडा. सगळे परवाने एका तोलाचे नसतात. कुरसाव या कॅरिबियन बेटावर वर्षानुवर्षे मोजके मास्टर परवानाधारक पुढे उपपरवाने वाटत. डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा लागू होऊन ती पद्धत मोडीत निघाली. तरीही जुन्या पद्धतीची चिन्हे मिरवणारी साइट दिसली तर संशय घ्यावा.

खरा परवाना म्हणजे पैसे सुरक्षित, असेही नाही. फुल टिल्ट पोकर या ऑनलाइन पोकर साइटकडे इंग्लिश खाडीतल्या ऑल्डर्नी बेटाचा परवाना होता. अमेरिकी सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार मार्च २०११ अखेर खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे होते, बँकेत होते सुमारे ६ कोटी. म्हणून खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले जातात का, कंपनी बुडाल्यास ते सुरक्षित आहेत का, हे अटींत स्पष्ट लिहिलेले हवे.

खेळांबाबत दोनच गोष्टी. एकाच स्लॉटच्या ९६, ९४, ९१, ८७ टक्के आरटीपीच्या आवृत्त्या निर्माते देतात, निवड कॅसिनोची. खेळातल्या माहितीच्या पानावर आकडा पाहावा. नामांकित निर्मात्याच्या नावाने नकली खेळही फिरतात. त्या निर्मात्याच्या अधिकृत यादीत हा कॅसिनो नसेल, तर खेळू नये.

तपासणीचा क्रम असा: आधी कागदपत्रे मंजूर करून घ्या, बोनस नाकारा, किमान रक्कम भरा, थोडे खेळून बाकी काढून घ्या. अटींच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, चॅट आणि पैजांचा इतिहास जपून ठेवा. मात्र या चाचणीने हुरळून जाऊ नका. छोट्या रकमा झटपट देऊन विश्वास कमवायचा आणि मोठी अडवायची, ही जुनी चाल आहे. क्रिप्टोने पाठवलेले पैसे परत खेचता येत नाहीत. कार्डाने भरले असतील तर निदान बँकेकडे दाद मागता येते. कोणा खासगी व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले तर एक पैसाही पाठवू नका.

विड्रॉलआधी ‘कर’ किंवा ‘पडताळणी शुल्क’ वेगळे भरायला सांगणारा कॅसिनोच नव्हे, तो सरळ ठग आहे. पडद्यावरची शिल्लक कधीच खरी नव्हती. आणि पैसे अडकल्याची तक्रार जाहीरपणे मांडली की ‘तुमची रक्कम सोडवून देतो’ म्हणणारे लोक येतात. त्यांनाही शुल्क आगाऊच लागते. काही वेळा ते त्याच टोळीतले असतात.