दिवस राहिले, नैराश्याची गोळी चालू ठेवावी की थांबवावी?

सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी. ती चालू ठेवली तर थोडं औषध बाळापर्यंत पोहोचतंच. शेवटच्या महिन्यांत घेतल्यास काही बाळं जन्मल्यावर थरथरतात, किरकिरतात, दूध नीट ओढत नाहीत. बहुधा 2 आठवड्यांत हे शमतं. फुप्फुसातल्या रक्तदाबाचा गंभीर त्रास हजारी 2 बाळांऐवजी साधारण 3 बाळांना होतो.

थांबवलं तर हे टळतं, पण आजार उलटू शकतो: झोप, जेवण, तपासण्या सगळंच कोलमडतं. पूर्वी तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार आले असतील, तर आमचा कौल चालू ठेवण्याकडेच. आजार सौम्य असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, समुपदेशनाच्या जोडीने डोस हळूहळू उतरवता येतो. एका दिवसात गोळी एकदम बंद करणं सर्वांत वाईट. चक्कर, मळमळ, अस्वस्थता मागे लागते. पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या गोळीचा मात्र पहिल्या तिमाहीत बाळाच्या हृदयदोषाशी संबंध आढळलाय, ते बदलण्याबद्दल लगेच विचारा.