प्रिन्स्टन की शिमला?

नीतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला लिहिण्यासाठी सलग मोकळा वेळ हवा असेल, तर ही दोन ठिकाणं मी आवर्जून सुचवते.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९९० पासून मानवी मूल्यांच्या अभ्यासाचं केंद्र आहे. तिथे एका शैक्षणिक वर्षासाठी अभ्यागत फेलो, म्हणजे पाहुणे संशोधक, बोलावतात. तत्त्वज्ञ, राज्यशास्त्राचे आणि कायद्याचे अभ्यासक तुमचा कच्चा मसुदा आधी वाचून सेमिनारला येतात आणि एकेक युक्तिवाद उलटसुलट तपासतात. खरी कमाई तीच. अडचण पैशांची: केंद्र साधारण निम्मा पगार देतं, उरलेल्याची तजवीज आपल्या संस्थेने करायची. आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजात हे जमवणं महाकठीण.

शिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था १८८८ मध्ये बांधून झालेल्या व्हाइसरॉयच्या निवासस्थानात आहे. १९४५ ची शिमला परिषद इथलीच. फेलोशिप दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, पण शेवटी मोनोग्राफ, म्हणजे एकाच विषयावरचा संशोधनग्रंथ, लिहून द्यावाच लागतो. ही अट मला मनापासून पटते, कारण तिच्यामुळे काम तडीला जातं. संतसाहित्यातल्या नीतिविचारावर पुस्तकाचा आराखडा तयार असेल, तर आधी इथेच अर्ज करा. मराठी हस्तलिखितांचं काम मात्र निघण्यापूर्वी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात उरकून घ्या.