वेंगुर्ल्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: खरेदी करा, बाइंडिंगला देऊ नका

जुन्या छापील बायबल-भाष्यांचा नाद असेल तर वेंगुर्ल्याच्या बाजारातलं हे दुकान बघाच. बाहेरून नुसती रद्दी आणि दहावीची गाईडं दिसतात, खरा माल माळ्यावर. इथे अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेलं सेंट ल्यूक हॉस्पिटल आहे, त्यामुळे त्या काळातली इंग्रजी धर्मपुस्तकं आसपासच्या घरांत असणारच, घर रिकामं करताना ती इथे येत असावीत.

बायबलवर भाष्य लिहिणारा इंग्रज पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) मॅथ्यू हेन्री, त्याचे १९व्या शतकात छापलेले खंड मिळाले, लेदरचा कणा निघालेला पण आतली शिलाई घट्ट. मालक कंडिशनबद्दल खोटं बोलत नाही, "पानां पुरी आसत, मोजून घेवा" म्हणाला, मोजली तर खरंच पुरी. पण कुठला खंड कुठल्या सेटचा याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, सुटे सुटे विकतो, म्हणून टायटल पानावरचं साल आणि प्रकाशक तुम्हीच जुळवून घ्या. बाकी हेन्री १७१४ साली वारला तेव्हा त्याचं लिखाण बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकापर्यंतच आलेलं, त्यानंतरच्या 'रोमकरांस पत्र' या पुस्तकापासून पुढचं दुसऱ्या पाळकांनी पुरं केलं, त्यामुळे तो भाग नाही मिळाला तरी मला काही चुटपुट नाही. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं नव्या करारावरचं (बायबलच्या दुसऱ्या भागावरचं) मराठी भाष्य मात्र विचारलं तर नव्हतं.

कागद हाताने बघा. साधारण १८५० च्या आधीचा चिंध्यांपासून केलेला कागद आपल्या दमट हवेतही बरा टिकतो, नंतरचा लाकडाच्या लगद्याचा तपकिरी पडून कोपरे हातात येतात, म्हणजे कित्येकदा जुनं पुस्तकच जास्त धडधाकट. कसर लागलेली असेल तर घरी नेऊन लगेच बाकीच्यांत ठेवू नका.

आता मेन तक्रार, बाइंडिंग. दुकानातच करून देतात, पण तयार ठेवलेले खंड बघून जीव हळहळला, रेक्झिनचं कव्हर एकवेळ चालेल हो, पण कडा सरळ दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारलंय आणि समासात कुठल्या तरी पाळकाने शाईने लिहिलेली टिपणं अर्धी कापली गेलीत. अशा पुस्तकात मला तर छापलेल्यापेक्षा त्या टिपणांचंच जास्त अप्रूप, आणि एकदा कापलं की संपलं. आम्ही मोडक्या कण्यासकट घेतो, सुती नाडीने बांधून ठेवतो.

किंमत तो जाडीवर लावतो, साल बघत नाही. म्हणून जाडजूड सोडा आणि आधी पातळ पुस्तकं चाळा.