पार्टनरशिप टुगेदर: नातं जुळवून मिळतं, घड्याळ तुमचं तुम्ही सांभाळायचं

जगभरच्या ज्यू समाजांना इस्रायलशी जोडणाऱ्या ज्यू एजन्सी या संस्थेच्या ‘पार्टनरशिप टुगेदर’ सेवेला ‘भगिनी शहरे’ म्हणून मोकळं होणं चूक आहे. भगिनी शहरांत दोन महापौर सह्या करतात, चौकात फलक लागतो आणि पुढे वर्षाला एक शुभेच्छापत्र जातं. इथे एका बाजूला इस्रायलबाहेरचा संघटित ज्यू समाज असतो: अमेरिकेत तिथलं फेडरेशन, म्हणजे शहरातल्या ज्यू समाजाची निधी गोळा करणारी मध्यवर्ती संस्था, इतर देशांत बहुधा तेच काम करणारी केरेन हायेसोद. दुसऱ्या बाजूला इस्रायलमधलं एखादं गाव आणि बऱ्याचदा त्याला लागून असलेली प्रादेशिक परिषद, म्हणजे आसपासच्या खेड्यांचा कारभार बघणारी स्थानिक संस्था. क्लीव्हलंड आणि बेत शआन, पिट्सबर्ग आणि कार्मिएल-मिसगाव, मायामी आणि येरुहाम, फिलाडेल्फिया आणि नेतिवोत-स्दोत नेगेव, अशा चाळीसहून अधिक भागीदाऱ्या आहेत. बॉस्टन-हैफा किंवा लॉस एंजेलिस-तेल अवीव यांसारख्या मोठ्या शहरांच्या जोड्याही आहेत, पण या सेवेचा कस लागतो तो छोट्या गावांत.

सेवेचा स्वभाव समजायचा तर तिचं मूळ बघावं लागतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बेगिन सरकारने मोडकळीला आलेल्या वस्त्यांच्या पुनर्वसनाची योजना काढली. तेव्हा परदेशातल्या एकेका समाजाने एकेक वस्ती वाटून घेतली, पैसा तिकडून इकडे आला, बालवाड्या आणि समाजमंदिरं उभी राहिली. १९९०च्या दशकाच्या मध्यात ‘पार्टनरशिप २०००’ या नावाने आजच्या सेवेचं पहिलं रूप आलं, ते देणारा-घेणारा हे नातं मोडण्यासाठी. हिब्रूत त्यासाठी ‘गेशर हाय’, म्हणजे जिवंत पूल, असा शब्द चालतो. शब्द छान आहे. सवय मात्र इतक्या वर्षांनीही पूर्ण गेलेली नाही. बैठकीत अमेरिकन बाजू ‘आम्ही काय देऊ’ असं विचारते आणि गावाची बाजू यादी पुढे करते, तिथे भागीदारी चाळीस वर्षं मागे गेली असं समजावं.

रचना साधी आहे. दोन्हीकडच्या लोकांची सुकाणू समिती, तिला दोन्ही बाजूंचा एकेक अध्यक्ष, आणि तिच्या हाताखाली शिक्षण, संस्कृती, वैद्यक, तरुण नेतृत्व अशा कामांचे गट. इस्रायलच्या बाजूला एक पगारी संचालक असतो. या सेवेत विकत घेण्यासारखी गोष्ट खरं तर हीच आहे. स्वयंसेवक बदलतात, अध्यक्ष दोन-तीन वर्षांत थकतात. कोणत्या शाळेची मुख्याध्यापिका ईमेलला उत्तर देते आणि कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवरच गाठावं लागतं, हे ठाऊक असतं ते संचालकाला. अंदाजपत्रक कापायची वेळ आली की समित्यांना हे पद आधी दिसतं. ते कापू नये. त्यापेक्षा एक शिष्टमंडळ रद्द करावं.

नव्याने उतरणाऱ्या समाजाने पहिल्या वर्षी दोनपेक्षा जास्त गट काढू नयेत. प्रत्येक गटाला दोन्हीकडचा एकेक प्रमुख हवा. इतिवृत्त हिब्रू आणि इंग्रजी दोन्हींत हवं, नाहीतर गावातल्या सदस्यांपैकी चांगलं इंग्रजी येणारे दोघेच कायम बोलत राहतात. पैशाचं वर्षही तपासून घ्यावं: अनेक फेडरेशनांचं आर्थिक वर्ष जुलै ते जून असतं, इस्रायली नगरपालिकेचं जानेवारी ते डिसेंबर आणि शाळेचं १ सप्टेंबरपासून. जूनमध्ये मंजूर झालेल्या रकमेला गावाने आपला वाटा जोडायचा ठरवला, तर तो पुढच्या जानेवारीशिवाय निघत नाही आणि तोवर शाळेचं निम्मं वर्ष सरतं. रक्कम एखाद्या अमुतेकडे, म्हणजे तिथल्या नोंदणीकृत संस्थेकडे, जाणार असेल तर तिचं ‘निहुल ताकिन’ प्रमाणपत्र चालू वर्षाचं आहे ना, हे आधी बघावं. सुरळीत कारभाराचा हा दाखला दरवर्षी नवा घ्यावा लागतो.

शाळा-जोडणी हा सेवेचा सर्वात गाजलेला भाग. अमेरिकेपुरतं बोलायचं तर तो गाजतो तितका सोपा नाही. न्यूयॉर्क इस्रायलपेक्षा सात तास मागे, लॉस एंजेलिस दहा. धर्मशिक्षणाची रविवारची शाळा न्यूयॉर्कमध्ये सकाळी साडेनऊला भरते तेव्हा इस्रायलमध्ये दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि मुलं केव्हाच घरी गेलेली असतात. म्हणजे वर्गासमोर वर्ग बसवून थेट गप्पा हे चित्र माहितीपत्रकापुरतं. चालतं ते असं: मुलांनी दोन मिनिटांचे व्हिडिओ करून पाठवायचे, समोरच्यांनी दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं आणि वर्षातून दोनदा, पालकांना सांगून, संध्याकाळची थेट भेट ठेवायची. लंडन दोन तास मागे, बुडापेस्ट एक आणि जोहान्सबर्ग जवळपास बरोबरीने चालतं. तिथल्या शाळांना हा भाग डोळे मिटून घ्यायला हरकत नाही.

त्यात घड्याळं बदलण्याचा घोळ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे पुढे नेते, इस्रायल मार्चच्या शेवटच्या रविवारआधीच्या शुक्रवारी. मधले १२ किंवा १९ दिवस न्यूयॉर्कशी फरक सातऐवजी सहा तासांचा असतो. ऑक्टोबरअखेर इस्रायल आधी मागे येतं आणि आठवडाभर पुन्हा तेच. दरवर्षी कोणी ना कोणी रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसतं. तिश्री महिन्यातले (सप्टेंबर-ऑक्टोबर) सण आणि वसंतातल्या पेसाह सणाची लांबलचक सुट्टी वजा केली तर ऑक्टोबरअखेर ते मार्च असे वीसेक आठवडेच खरे हातात राहतात. कामाची आखणी हनुक्का, तू बिश्वात आणि पुरीम या तीन सणांच्या थांब्यांवर करावी, चौथा लादू नये.

वर्गांच्या आकाराचं गणितही आधी मांडावं. इस्रायली वर्गात तीसएक मुलं, रविवारच्या शाळेत दहा-बारा. एकास एक जोडी लावायला गेलात तर वीस मुलांना मित्रच मिळत नाही. एका मुलामागे तिघांचा गट लावला की प्रश्न मिटतो. सहावीच्या खाली इंग्रजीवर विसंबू नये. चित्रं, गाणी, पाककृती यांवर भागवावं.

घरगुती पाहुणचार हा सेवेचा सर्वात गोड भाग, आणि सर्वाधिक गैरसमजही तिथेच होतात. अमेरिकन पाहुणे बहुतेक रिफॉर्म किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे ज्यू धर्मातल्या कमी कर्मठ पंथांच्या वळणाचे. यजमान गावं मात्र मोरोक्को, रोमानिया, भारत आणि पुढे सोव्हिएत संघ, इथिओपिया इथून आलेल्यांनी वसवलेली. (येरुहाममध्ये बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून गेलेली ज्यू कुटुंबंही आहेत. तिथल्या एखाद्या आजीच्या तोंडी मराठी ऐकू आली तर अमेरिकन पाहुणा गोंधळेल, आपण गोंधळू नये.) यजमान टीव्ही बघेल, पण शब्बातला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, किद्दुश (द्राक्षरसावरची प्रार्थना) चुकवणार नाही. पाहुणी तल्लीत (प्रार्थनेची शाल) पांघरून प्रार्थना चालवायला उभी राहिली तर सिनेगॉगमध्ये कुजबुज होईल, कारण तिथे ते पुरुषांचंच काम मानतात. म्हणून घर ठरवण्याआधी चार प्रश्न लेखी विचारावेत: कश्रुत (खाण्यापिण्याचे धार्मिक नियम) कितपत, शब्बातला गाडी आणि फोन चालतो का, मुलं-मुली एकत्र राहिलेले चालतील का, घरात कुत्रा आहे का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अ‍ॅलर्जी असलेल्या पाहुण्याला ऐन रात्री घर बदलून द्यावं लागतं ते त्याच्याचमुळे. मुलांच्या सहलीला शिक्षण खात्याची परवानगी, सशस्त्र रक्षक आणि प्रथमोपचारक लागतात. त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

वैद्यकीय गट या सेवेतला सर्वात भक्कम. उत्तर इस्रायलमधल्या पश्चिम गालिलच्या भागीदारीत टोलेडो, डेटन, ओमाहा, सॅन अँटोनियो अशी अमेरिकन शहरं आणि बुडापेस्ट एकत्र आहेत. तिचा वैद्यकीय गट नहारियाच्या रुग्णालयाबरोबर आपत्कालीन तयारीवर काम करतो. हे टिकतं, कारण दोन्हीकडचे लोक एकाच पेशाचे आहेत. परिचारिकेला परिचारिकेशी काय बोलायचं ते शिकवावं लागत नाही, आणि कोण कोणाला देतंय हा प्रश्न पहिल्या तासातच मागे पडतो.

दगा बसतो तो स्थानिक निवडणुकीत. त्या साधारण पाच वर्षांनी होतात; २०२३च्या ऑक्टोबरमधल्या युद्धामुळे लांबून बहुतेक ठिकाणी २७ फेब्रुवारी २०२४ला झाल्या. नव्या महापौराला आधीच्याचं लाडकं काम नको असतं. सुकाणू समितीत नगरपालिकेच्या शिक्षण विभागाचा कायम अधिकारी आणि गावातले दोन बिनसरकारी लोक असतील तरच भागीदारी ही धडक सोसते.

सेवेची किंमत कळते ती संकटात. सॅन दिएगोचा जुना जोडीदार शआर हानेगेव, गाझाच्या सीमेलगतची प्रादेशिक परिषद. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात त्या परिषदेचे प्रमुख ओफिर लिबस्टाइन मारले गेले, तिथलं कफार अझा किबुत्झ (सामुदायिक वसाहत) उद्ध्वस्त झालं. अशा वेळी पहिल्या दिवसापासून कोणाला फोन करायचा, विस्थापित कुटुंबं कुठे गेली, आधी काय लागणार, हे ज्यांना आधीपासून माणसं माहीत होती त्यांनाच कळतं. ओळख अशा आठवड्यात काढता येत नाही.

उणीव विचाराल तर अक्कोकडे बघा. पश्चिम गालिलच्या भागीदारीतलं हे शहर, तिथले सुमारे एक-तृतीयांश रहिवासी अरब. ज्यू समाजांची भागीदारी असल्यामुळे ते गटांच्या रचनेत कडेलाच राहतात. रुग्णालयातला अरब डॉक्टर वैद्यकीय गटात सहज येतो, शिक्षण गटात मात्र अरब शाळेला वेगळं आमंत्रण लागतं आणि ते कोणी द्यायचं हे ठरलेलं नसतं.

लहान समाजाने, म्हणजे पगारी कर्मचारी एक-दोनच असतील अशा ठिकाणी, एकट्याने गाव घेऊ नये. अनेक शहरांच्या संघात शिरावं. तिथे वर्गणी वाटली जाते, संचालक आधीच नेमलेला असतो. मात्र संघात जाण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: सुकाणू समितीत तुमच्या शहराला मत किती, आणि शिष्टमंडळात दरवर्षी जागा किती.