खांदेदुखीवर रिमेडियल मसाज: आठ-नऊ महिने घेतल्यानंतर

मी सोनोग्राफर आहे, मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या एका इमेजिंग क्लिनिकमध्ये. आमचं काम लांबून बघणाऱ्याला बैठं, आरामाचं वाटतं. उजव्या हातात प्रोब, तो पेशंटच्या पोटावर दाबून धरलेला. डावा हात मशीनच्या बटणांवर. मान स्क्रीनकडे वळवलेली. डावी किडनी बघायची तर हात पेशंटच्या अंगावरून पलीकडे न्यायचा आणि तसाच लांबवलेल्या हाताने दाब द्यायचा. एक पेशंट उतरला की दुसरा हजर. या धंद्यात खांदेदुखी इतकी सर्रास आहे की कुणी नवीन तक्रार केली तर बाकीच्या मान वर करूनही बघत नाहीत.

गेल्या वर्षी माझा नंबर लागला. उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला, खोलवर कुठेतरी ठणका. उजव्या कुशीवर झोपता येईना. ब्लाऊजचे, ब्राचे हूक लावताना डोळ्यात पाणी. शिवाय मान उजवीकडे पूर्ण वळेना, आणि वेस्ट गेट फ्रीवेवर लेन बदलताना मान वळत नसली तर काय होतं ते तिथे रोज गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, सोनोग्राफी लिहून दिली. ती माझ्याच शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीने केली आणि करताना स्वतःचाही खांदा चोळत होती. निदान निघालं सुप्रास्पिनेटसचा, म्हणजे हात बाजूने वर उचलणाऱ्या खांद्यातल्या स्नायूचा, स्नायुबंध दुखावलेला, वर थोडी बर्सायटिस, म्हणजे सांध्याजवळच्या पातळ पिशवीला सूज. फाटलेलं काही नाही.

फिजिओने रबरी पट्ट्यांचे व्यायाम दिले. व्यायाम बरोबरच होते, पण पहिल्या दहा वेळांतच कळ यायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर हात उचलवत नसे. मग त्या फिजिओनेच सुचवलं, की काही आठवडे जोडीला रिमेडियल मसाज, म्हणजे दुखण्यावर उपचार म्हणून दिला जाणारा मसाज, घे, स्नायू थोडे सैल पडले की व्यायाम झेपतील. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण एवढ्या महिन्यांनंतर माझं मतही तेच आहे. मसाजने खांदा बरा झाला नाही. मसाजने व्यायाम करण्याजोगा केला, आणि बरा व्यायामाने होत गेला.

इथली पद्धत भारतातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियात 'रिमेडियल' म्हणून मसाज देणाऱ्याकडे त्या विषयाचा डिप्लोमा असावा अशी अपेक्षा असते. सर्टिफिकेट फोर या त्याखालच्या पायरीच्या अभ्यासक्रमवाला साधा, आरामाचा मसाज देतो. डिप्लोमा, संघटनेचं सभासदत्व, विमा वगैरे असेल तर खासगी आरोग्य विमा कंपन्या त्या व्यक्तीला प्रोव्हायडर नंबर, म्हणजे क्लेमसाठी लागणारा ओळख क्रमांक, देतात आणि तुमच्याकडे 'एक्स्ट्राज' कव्हर, म्हणजे हॉस्पिटलबाहेरच्या अशा सेवांचा विमा, असेल तर तिथल्या तिथे कार्ड घासून काही पैसे वळते होतात. मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, यासाठी एक पैसाही देत नाही. जुन्या आजारांसाठी जीपी जी योजना करून देतो, तिच्यात फिजिओच्या काही भेटी बसतात, मसाज बसत नाही. फिजिओवर जीएसटी नाही, मसाजवर आहे. म्हणजे सरकारच्या लेखी ही धड वैद्यकीय सेवा नाही आणि धड चैनही नाही. १ एप्रिल २०१९ ला सरकारने खासगी विम्यातून नॅचरोपॅथी, होमिओपॅथी, योग, पिलाटेस अशा १६ उपचारपद्धती वगळल्या, त्यात रिमेडियल मसाज मात्र वगळला गेला नाही. योग गेला आणि मसाज राहिला, यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला होता.

माझी थेरपिस्ट पन्नाशीची ग्रीक बाई आहे, आवाज खणखणीत, हात मऊ. पहिल्या भेटीतला चांगला पाव तास तिने हात लावलाच नाही. आधी फॉर्म: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पायात कधी गुठळी झाली होती का, हाडं ठिसूळ आहेत का, गरोदर आहेस का, ताप आहे का. मग उभं करून बघितलं. हात बाजूने हळूहळू वर न्यायला सांगितला. खांद्याच्या उंचीच्या आसपास कळ आली, त्याच्याही वर गेल्यावर कमी झाली. तिने ते लिहून घेतलं. मान दोन्हीकडे वळवून कुठे अडकते ते पाहिलं. बोटांना मुंग्या येतात का, हातातून वस्तू पडतात का, हेही विचारलं. येत असत्या तर आधी डॉक्टरकडे परत पाठवणार होती.

टेबलाला तोंडासाठी गोल भोक असतं, त्यात चेहरा टेकवून पालथं झोपायचं. जिथे काम चालू आहे तेवढाच भाग उघडा, बाकी सगळं टॉवेलखाली. आपल्या बायकांना पहिल्यांदा संकोच वाटतो, पण दोन मिनिटांत तो जातो. आधी तळहाताने लांब, सावकाश हात फिरवून तिने पाठ सैल केली. मग स्कॅपुलावर, म्हणजे पाठीवरच्या त्या त्रिकोणी हाडावर, मधोमध अंगठा टेकवला आणि हळूहळू दाब वाढवला. कळ उठली ती पुढे! दंडाच्या वरच्या टोकाला, थेट माझ्या त्या रात्रीच्या ठणक्याच्या जागी. अंगठा मागे आणि दुखणं पुढे. "हेच का तुझं दुखणं?" तिने विचारलं. हेच होतं. मी रोज त्याच खांद्याचे स्नायू पेशंटच्या शरीरात स्क्रीनवर बघते, तिच्या अंगठ्याखालचा इन्फ्रास्पिनेटस कुठून कुठे जातो ते मला झोपेतही सांगता येईल, पण त्याचं दुखणं असं भलतीकडे उमटतं हे अंगावर अनुभवलं ते पहिल्यांदाच.

दाबल्यावर असं दुसरीकडे दुखणं उमटवणाऱ्या स्नायूतल्या बिंदूंना ट्रिगर पॉइंट म्हणतात. कोणत्या स्नायूतला बिंदू दाबला की दुखणं कुठे उमटतं याचे नकाशे अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी तयार केले. ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या; केनेडींची पाठदुखी तर जगजाहीर. मानेपासून खांद्यापर्यंतच्या ट्रॅपेझियस स्नायूचा वरचा भाग दाबला की कळ मानेच्या कडेने थेट कानशिलापर्यंत जाते, हेही त्या नकाशात आहे आणि माझ्या डोकेदुखीचं निम्मं कोडं त्यानेच सुटलं. हाताला लागणारी 'गाठ' म्हणजे नेमकं काय, यावर मात्र संशोधकांत एकमत नाही. त्यामुळे "तुमच्या गाठी फोडून देतो" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर कौतुकाने ऐकून घ्यावं, इतकंच.

दाबाबद्दल. आपल्याकडे दात-ओठ खाऊन सहन केलं तरच अंग रगडून निघालं असं वाटतं. माझी थेरपिस्ट दर थोड्या वेळाने दहापैकी किती दुखतंय ते विचारते आणि सातच्या वर जाऊ देत नाही. त्यावर गेलं की आपण श्वास रोखतो, स्नायू उलटे आखडतात. तरीही पहिल्या काही वेळा दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं दुखलं. ते दीड-दोन दिवसांत ओसरतं. लांबलं तर पुढच्या वेळी सांगायचं, दाब कमी करतात. सोमवारी गर्भाच्या लांबलचक तपासण्यांचा दिवस असेल तर रविवारी मसाज घेऊ नये, हे माझ्या मैत्रिणींना मी आवर्जून सांगते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक कळला तो झोपेत. उजव्या कुशीवर वळून जाग न येता रात्र जायला लागली. मान लवकर सुटली. त्यासाठी थेरपिस्टने मानेच्या कडेच्या लेव्हेटर स्कॅप्युली या स्नायूवर आणि छातीतल्या, खांदा पुढे ओढून धरणाऱ्या पेक्टोरॅलिस मायनरवर काम केलं. छातीवरचं काम फार दुखतं, पण वाकलेली पाठ सरळ होते ती त्यानेच असं माझं निरीक्षण. खांद्याचा मूळ ठणका मात्र चिवट. मसाजनंतर तीन-चार दिवस बरा, मग पुन्हा हळूहळू मूळपदावर. हे तीन-चार दिवस हाच सगळा खेळ आहे. त्यात पट्ट्यांचे व्यायाम केले तर पुढच्या वेळी आराम जरा जास्त टिकतो. डिसेंबरमध्ये पाहुणे, सहली, व्यायाम बंद आणि मसाज चालू असं झालं. आराम पुन्हा तीन दिवसांवर आला. यापेक्षा स्वच्छ प्रयोग मला ठरवून करता आला नसता.

संशोधनही साधारण तेच सांगतं. कंबरदुखीवरच्या मसाजचा कॉक्रेनने, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०१५ मध्ये आढावा घेतला, २५ चाचण्यांचा. काहीच न करण्यापेक्षा मसाजने दुखणं थोड्या काळापुरतं कमी होतं, लांबच्या पल्ल्यावर फायदा टिकत नाही, आणि एकूण पुरावाही कच्चाच, असा त्याचा सूर आहे. तो कंबरेचा, माझा खांदा. पण माझा अनुभव त्या चौकटीत चपखल बसतो. त्यापलीकडचे दावे, म्हणजे प्रतिकारशक्ती वाढते, टॉक्सिन बाहेर पडतात, म्हणून मसाजनंतर भरपूर पाणी प्या, हे मी सोडून देते. मी रोज किडन्याच बघते. त्यांना मसाजची वाट बघत बसायची सवय नाही.

मधे माझी थेरपिस्ट ग्रीसला गेली तेव्हा एका शॉपिंग सेंटरमधल्या दुकानात गेले. बाहेर 'रिमेडियल' अशी ठसठशीत पाटी. आत ना फॉर्म, ना प्रश्न. थेट कोपराने दाबायला सुरुवात. निघताना पावती मिळाली ती भलत्याच माणसाच्या नावाची आणि त्याच्या प्रोव्हायडर नंबरची, "क्लेम होईल, काळजी करू नका" या आश्वासनासकट. ही सरळ सरळ विम्याची फसवणूक आहे. मी क्लेम केला नाही, पुन्हा गेलेही नाही. खांदा तीन दिवस सुजल्यासारखा होता. बुकिंग करतानाच विचारावं: मला हात लावणाऱ्या व्यक्तीच्याच नावाची पावती मिळेल का? उत्तर देताना पलीकडची व्यक्ती अडखळली तर फोन ठेवावा.

खर्च हलका नाही. इकडे तासाला १०० ते १३० डॉलर पडतात. विम्याकडून परत येतात त्याचे साधारण एक-तृतीयांश, तेही वर्षाची मर्यादा संपेपर्यंत, आणि माझ्या पॉलिसीत ती मर्यादा भराभर संपते. अर्ध्या तासाची भेट फक्त खांदा आणि मानेसाठी पुरते. तासभर घेतला तर उरलेला वेळ पायांना जातो, जे सुखाचं आहे पण माझ्या दुखण्यासाठी गरजेचं नाही.

आई मिरजेहून आली होती तेव्हा हा आकडा ऐकून खुर्चीतच बसली. "एका तासाचे एवढे? अगं, तुझ्या बाळंतपणात मालिशवाली सव्वा महिना येत होती, बाळाला आणि तुला दोघांना चोळून, शेक-शेगडी करून जायची, तेव्हा एवढे झाले नव्हते!" शिवाय तिच्या मते पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, फुकटात. तरीही दोन दिवसांनी हळूच म्हणाली, "माझे गुडघे दाखवू या का तुझ्या त्या बाईला?" नेलं. फॉर्ममध्ये आईने रक्त पातळ करायची गोळी लिहिली, ती वाचल्यावर थेरपिस्टने हात आखडता घेतला. जोराचं काही करणार नाही, जखमेसारखे काळे-निळे डाग उठतील. डॉक्टरांना विचारून या, तोवर फक्त हलका हात, असं स्पष्ट म्हणाली आणि पुऱ्या तासाचे पैसेही घेतले नाहीत. आईचा विश्वास तिथे बसला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपल्याकडे कुणी विचारत नाही गं कुठली गोळी घेता म्हणून." हे मात्र खरं आहे. घरी तेल लावायला बोलावता त्या बाईला, किंवा केरळी मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या सेंटरला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं स्वतःहून सांगा.

कुणी घ्यावा? एकाच स्थितीत तासन् तास काम करणारे, म्हणजे दातांचे डॉक्टर, शिवणकाम करणारे, ट्रक चालवणारे, आमच्यासारखे. आणि ज्यांचं निदान आधी झालेलं आहे असे. ज्यांना हातापायात बधिरपणा आहे, लघवीवरचा ताबा जातोय, कारण नसताना वजन उतरतंय, किंवा पोटरी एकाच बाजूची सुजून गरम लागतेय, त्यांनी मसाजवाल्याकडे जाऊच नये, सरळ डॉक्टर गाठावा. शेवटच्या प्रकारातले पेशंट माझ्याकडे शिरांच्या सोनोग्राफीला येतात, आणि त्यातले काही आधी पोटरी चोळून घेऊन आलेले असतात. गुठळी असलेली पोटरी चोळणं हा जिवाशी खेळ आहे.

सध्या मी दर आठवड्यावरून पाच-सहा आठवड्यांतून एकदा, अर्ध्या तासावर आले आहे. पट्टी हिरव्याची निळी झाली, म्हणजे एक पायरी जड. हूक लागतात. डाव्या किडनीसाठी पेशंटला कुशीवर वळवून माझ्या जवळ घेते, हात लांबवत नाही. हे थेरपिस्टनेच सुचवलं, टेबलावर माझ्या कामाची नक्कल करून दाखवायला लावून. माझ्या विम्याची मर्यादा १ जानेवारीला नव्याने सुरू होते, तोवर खिशातून.